इंजेक्शन थांबल्यानंतर: विलंबाचा हिशेब

संसारांतील कांहीं दुःखें अशीं असतात कीं, तीं घरांतील सर्वांना दिसतात, पण त्यांविषयीं मोकळेपणानें बोलण्यास कोणी धजत नाहीं. अपत्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याचें दुःख हें त्यांपैकींच एक होय. त्यांतही, कांहीं काळ आपणच संततिनियमनाचा उपाय योजला आणि आतां मूल हवें असतां तें होत नाहीं, अशी स्थिति आली म्हणजे दुःखाला पश्चात्तापाची जोड मिळते. आपल्या हातानेंच आपण आपली कूस वाळविली कीं काय, ही शंका त्या स्त्रीच्या मनांतून रात्रंदिवस हलत नाहीं. बहुतेक वेळीं ही शंका निराधार असते. आणि ती निराधार आहे हें केवळ धीर देण्यासाठीं सांगावयाचें नसून आंकड्यांनीं दाखवितां येतें.

एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पतिपत्नी दोघेंही सुशिक्षित, शहरांत नोकरी करणारीं. पहिली मुलगी झाल्यावर दुसऱ्या अपत्यापूर्वीं पुरेसें अंतर असावें, या विचारानें पत्नीनें दोन वर्षें, दर तीन महिन्यांनीं, संततिप्रतिबंधक इंजेक्शन घेतलें. पुढें दोघांनीं मिळून दुसऱ्या मुलाचा विचार केला. शेवटचें इंजेक्शन पौषांत झालें होतें. चैत्रांत पुढचें घ्यावयाचें, तें घेतलें नाहीं. चैत्र गेला, वैशाख गेला, पण पाळी येईना. आषाढांत थोडासा स्राव झाला आणि पुन्हां थांबला. गणपति गेले, नवरात्र गेलें. दिवाळीला माहेरपणास आलेल्या नणंदेनें सहज विचारलें, “अजून कांहीं नाहीं का, वहिनी?” सासूबाई कांहींच बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणेंच सुनेला अधिक लागलें. त्या रात्रीं तिनें बोटांवर महिने मोजले. नऊ झाले होते. नऊ महिन्यांत दिवससुद्धां राहूं नयेत, त्या अर्थीं हें इंजेक्शन कायमचेंच नडलें, असा तिनें मनाशीं निकाल करून टाकला.

तिची मोजणी बरोबर होती. निकाल मात्र चुकला होता. तो कोठें चुकला हें कळण्यासाठीं तें इंजेक्शन म्हणजे काय व शरीरांत तें कोणतें कार्य करितें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या औषधाचें नांव डेपो मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यांत ‘डी. एम. पी. ए.’ म्हणतात. भारत सरकारच्या कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमांत २०१७ पासून तें ‘अंतरा’ या नांवानें सरकारी दवाखान्यांतून मोफत दिलें जातें. त्याच्या नांवांतील पहिला शब्दच सर्व प्रकरणाची किल्ली आहे. डेपो म्हणजे कोठार. १५० मिलिग्रॅम औषधाचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत कालवून तें दंडाच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूंत टोंचतात. हे कण पाण्यांत सहजासहजीं विरघळत नाहींत. खडीसाखरेचा खडा गालांत धरला असतां जसा रस थोडाथोडा सुटत राहतो, तसें तें औषध त्या जागेंतून महिनोन्‌महिने रक्तांत उतरत असतें. टोंचलेली जागा चोळूं नये व शेकूं नये असें परिचारिका बजावून सांगते, त्याचें कारण हेंच. चोळल्यानें कोठार लवकर रितें होण्याचा संभव असतो.

रक्तांत उतरलेलें हें औषध स्त्रीच्या अंडाशयांत निसर्गतः तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉन नांवाच्या अंतःस्रावासारखेंच वागतें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी एक ग्रंथि आहे. तिला पीयूषिका म्हणतात. दर महिन्याला हिच्याकडून अंडाशयाला संदेश जातो आणि एक पक्व स्त्रीबीज बाहेर पडतें. औषधाच्या प्रभावानें हा संदेश जाईनासा होतो, म्हणून बीजही बाहेर पडत नाहीं. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशीं असलेला चिकट द्रव घट्ट होऊन पुरुषबीजाची वाट अडवितो आणि गर्भाशयाचें आंतील अस्तर पातळ राहतें. हें अस्तर दर महिन्याला जाड होऊन गळून पडतें, तीच पाळी. अस्तर वाढलेंच नाहीं तर गळून पडावयाचें काय? म्हणून इंजेक्शन घेणाऱ्या अनेक स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबली म्हणजे दूषित रक्त पोटांत साठतें, ही समजूत बरीच रूढ आहे, पण ती खरी नव्हे. जें तयारच झालें नाहीं, तें साठणार कोठून?

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या सर्व व्यवहारांत कशाचाही नाश झालेला नाहीं. अंडाशयांतील बीजें जागच्या जागीं आहेत, गर्भनलिका मोकळ्या आहेत, गर्भाशय निरोगी आहे. केवळ संदेश थांबला आहे. कोठार रितें झालें कीं संदेश पुन्हां सुरू होतो. प्रश्न एवढाच उरतो कीं, कोठार रितें होतें केव्हां?

तीन महिन्यांनीं, असें कोणीही म्हणेल. कारण कार्डावर पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची असते. परंतु ती तारीख औषध संपण्याची नव्हे. औषधाचा प्रभाव निश्चितपणें भरवंशाचा असतो, त्या मुदतीची ती तारीख आहे. पुढील इंजेक्शनास चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी तें घेण्यास हरकत नाहीं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, ती कांहीं उदारपणानें दिलेली सवलत नव्हे. औषध तेवढें पुढेंही पुरतें म्हणूनच ती दिलेली आहे. प्रत्यक्ष रक्ताची तपासणी केली असतां, शेवटच्या इंजेक्शनानंतर १२० ते २०० दिवसांच्या दरम्यान औषधाचा अंश मोजतां येणार नाहीं इतका कमी होतो, असें आढळलें आहे. म्हणजे कोणाचें कोठार चार महिन्यांत रितें होतें, तर कोणाला साडेसहा महिने लागतात. त्यानंतर पीयूषिकेनें जागें व्हावें, बीज पक्व व्हावें आणि मग गर्भधारणेचा योग यावा, असा क्रम आहे.

हा क्रम प्रत्यक्षांत किती काळ घेतो, याचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास उत्तर थायलंडांतील चिआंग माइ या शहरीं झाला. तेथील मॅककॉर्मिक या मिशनरी रुग्णालयांत डॉ. एडविन मॅकडॅनियल यांनीं १९६५ पासून स्त्रियांना हें इंजेक्शन देण्यास आरंभ केला होता. जगांत इतरत्र त्याविषयीं वाद चालू असतां त्या भागांतील हजारों स्त्रिया तें घेत होत्या, आणि मूल हवें झालें कीं सोडूनही देत होत्या. अशा, अपत्यासाठीं इंजेक्शन सोडलेल्या ७९६ स्त्रियांची माहिती संशोधकांनीं जमविली व तिची तुलना तांबी काढून घेतलेल्या १२५ स्त्रियांशीं करून १९८० सालीं ती प्रसिद्ध केली. शेवटच्या इंजेक्शनाचा प्रभाव ओसरल्यावर निम्म्या स्त्रियांना दिवस राहण्यास साडेपांच महिने लागले. तांबी काढणाऱ्यांना साडेचार महिने लागले. अंतर केवळ एका महिन्याचें! इंजेक्शन सोडल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत शेंकडा सुमारें ७० स्त्रियांना, आणि दोन वर्षांत शेंकडा ९० हून अधिक स्त्रियांना दिवस राहिले.

अमेरिकेंत १९९२ सालीं या औषधाला संततिनियमनासाठीं मान्यता मिळाली. तेथें औषधासोबत जें माहितीपत्रक देतात त्यांत वेगळा आंकडा आहे. ज्या स्त्रियांना पुढें गर्भ राहिला, त्यांपैकीं निम्म्यांना शेवटच्या इंजेक्शनापासून दहा महिने लागले. कमींत कमी चार, तर जास्तींत जास्त एकतीस. त्याच स्त्रियांपैकीं शेंकडा ६८ जणींना बारा महिन्यांच्या आंत, ८३ जणींना पंधरा महिन्यांच्या आंत आणि ९३ जणींना अठरा महिन्यांच्या आंत दिवस राहिले. साडेपांच आणि दहा, या दोन आंकड्यांत वरवर पाहतां मोठा विरोध दिसतो. पण थोडा हिशेब केला कीं तो नाहींसा होतो. एकानें प्रभाव ओसरल्यापासून महिने मोजले, दुसऱ्यानें सुई टोंचल्याच्या दिवसापासून. मधले साडेतीन-चार महिने मिळविले कीं दोन्ही उत्तरें जवळपास एकच येतात. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही असेंच सांगते: इतर साधनें सोडणाऱ्या स्त्रियांपेक्षां हें इंजेक्शन सोडणाऱ्या स्त्रियांना सरासरी चार महिने अधिक थांबावें लागतें. दोन महिन्यांनीं घ्यावयाचें नेट-एन नांवाचें दुसरें एक इंजेक्शन आहे. त्याच्या बाबतींत हा विलंब सुमारें एकाच महिन्याचा असतो.

आणखी एक गोष्ट या अभ्यासांतून निष्पन्न झाली आहे. इंजेक्शन एक वर्ष घेतलें काय किंवा पांच वर्षें घेतलें काय, सोडल्यानंतरच्या विलंबांत त्यामुळें फरक पडत नाहीं. ‘फार वर्षें घेतलें, म्हणून औषध अंगांत मुरलें’ या बोलण्यास आधार नाहीं.

आतां दिवाळीच्या रात्रीं बोटें मोजीत बसलेल्या त्या सुनेकडे पुन्हां वळूं. पौषापासून मोजले तर नऊ महिने झाले, हें खरें. कार्डावरची मुदत संपली तेथून, म्हणजे चैत्रापासून मोजले तर सहाच होतात. आणि औषध रक्तांतून खरोखर गेलें तेथून मोजावयाचें, तर फार तर पांच महिने, कदाचित् तीनच. ज्यांना पुढें मूल झालें अशा स्त्रियांपैकीं निम्म्यांना शेवटच्या सुईपासून दहा महिने लागले, आणि हिचे तर नऊच झाले आहेत. म्हणजे तिला अजून उशीरच झालेला नाहीं! ज्या गोष्टीबद्दल ती स्वतःला दोष देत होती, ती घडलेलीच नव्हती.

मग या मधल्या काळांत करावें काय? प्रथम, काय करूं नये हें सांगणें अवश्य आहे. इंजेक्शनाचें औषध शरीरांतून बाहेर काढील असें दुसरें औषध अस्तित्वांत नाहीं. काढे, रेच, ‘उष्णता उतरविणाऱ्या’ पुड्या यांनीं कोठार लवकर रितें होत नाहीं. रिता होतो तो खिसा. पाळी आणण्याच्या गोळ्यांनीं कधीं कधीं स्राव होतो, पण त्यामुळें बीज बाहेर पडलें असें होत नाहीं. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेणें तर धोक्याचें आहे, कारण त्याच वेळीं दिवस राहिलेले असण्याचा संभव असतो.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यावा. पाळी ही बीज बाहेर पडल्यानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं येते. म्हणून पहिली पाळी येण्यापूर्वींच पहिलें बीज बाहेर पडूं शकतें, आणि पाळी न येतांच गर्भधारणा होऊं शकते. मूल हवें असणाऱ्या स्त्रीनें, पाळी आली नाहीं म्हणून निराश होऊन न बसतां, महिना-दीड महिन्याच्या अंतरानें लघवीची तपासणी करून पाहावी. उलट, ज्यांनीं इंजेक्शन सोडलें पण ज्यांना मूल नको आहे, त्यांनीं या विलंबाच्या भरंवशावर मुळींच राहूं नये. दहा महिने हा निम्म्यांचा हिशेब आहे. चौथ्याच महिन्यांत दिवस राहिलेल्या स्त्रियाही त्याच यादींत आहेत.

वाट पाहण्याचा हा काळ रिकामा घालविण्याचेंही कारण नाहीं. फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक, गर्भ राहण्याच्या आधींपासूनच घेण्यास आरंभ करावा. गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा ज्या पहिल्या चार आठवड्यांत घडतो, त्या वेळीं आईला आपण गरोदर आहों हें बहुधा ठाऊकही नसतें. रक्तांतील हिमोग्लोबिन तपासून घ्यावें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते ४९ वयाच्या शेंकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सुशिक्षित घरांनीं आपण त्यांतून सुटलों असें गृहीत धरूं नये. थायरॉइड व साखर यांची तपासणी याच वेळीं व्हावी. रुबेलाची लस घेतलेली नसल्यास ती घ्यावी, आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांना पतिपत्नी दोघांनींही रजा द्यावी. पाळी अनियमित असतांना पंचांगासारखे दिवस मोजण्यांत अर्थ नसतो. दर दोन-तीन दिवसांनीं पतिपत्नींचा सहवास घडला म्हणजे योग्य दिवस आपोआप साधला जातो. अंगावरून जाणारा द्रव अंड्यांतील पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व तार धरणारा दिसूं लागला, तर बीज बाहेर पडण्याची वेळ जवळ आली असें समजावें.

मात्र धीर धरणें आणि दुर्लक्ष करणें यांत भेद आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका म्हणते कीं, इंजेक्शन सोडल्यावर बारा महिनेपर्यंत गर्भ राहिला नाहीं तरी काळजी करूं नये. याचा दुसरा अर्थ असा कीं, त्यापुढें सर्व दोष इंजेक्शनावर टाकून स्वस्थ बसूं नये. जें कोणत्याही जोडप्याला होऊं शकतें, तें इंजेक्शन घेतलेल्या जोडप्यालाही होऊं शकतें. गर्भनलिका बंद असणें, गर्भाशयाला पूर्वीं झालेला क्षय, अंडाशयाचे विकार, थायरॉइडचा विकार, हीं कारणें इंजेक्शनापूर्वींचीं असूं शकतात. इंजेक्शनामुळें तीं झांकलेलीं राहिलीं एवढेंच. वयाचीही गोष्ट तशीच. बत्तिसाव्या वर्षीं इंजेक्शन सुरू करून छत्तिसाव्या वर्षीं सोडलें, तर त्या चार वर्षांत औषधानें कांहीं नेलेलें नसतें. पण काळानें थोडें नेलेलें असतें. म्हणून पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीनें वर्षभर न थांबतां सहा महिन्यांतच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वींही जिची पाळी कधीं नियमित नव्हती, तिनेंही वेळ घालवूं नये. पोटांत तीव्र कळ येऊन रक्तस्राव होऊं लागल्यास तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

आणि डॉक्टरांकडे जातांना दोघांनीं जावें. मूल होत नाहीं याचें कारण कित्येक जोडप्यांत पुरुषाकडे असतें. त्याच्या वीर्याची तपासणी अगदीं साधी, बिनदुखाची व कमी खर्चाची आहे. असें असतां, स्त्रीच्या सर्व तपासण्या संपल्यावर मग नाइलाजानें ती केली जाते. इंजेक्शन पत्नीनें घेतलें होतें, एवढ्यावरून खोट तिच्यांतच असली पाहिजे, हें अनुमान तर्काला धरून नाहीं.

या सर्व खटाटोपापेक्षां सोपा मार्ग आधींच योजना करण्याचा आहे. ज्या जोडप्याला वर्षाच्या आंत मूल हवें आहे, त्यानें इंजेक्शनाच्या वाटेस न जातां निरोध, तांबी किंवा गोळ्या हीं साधनें निवडावीं. इंजेक्शन चालू असेल तर तें कांहीं महिने आधीं बंद करून मधल्या काळापुरतें निरोधासारखें साधन वापरावें. डेन्मार्क, अमेरिका व कॅनडा येथील सुमारें अठरा हजार स्त्रियांच्या, २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतही असेंच दिसलें कीं, प्रजननक्षमता पूर्ववत् होण्यास इंजेक्शनानंतर पांच ते आठ पाळ्या लागतात, गोळ्यांनंतर सुमारें तीन, तर तांबीसारख्या साधनांनंतर दोनच. प्रजननक्षमता सर्वांचीच परत आली. कोणाची लवकर, कोणाची उशिरा.

परंतु योजना करावयाची तर माहिती आधीं मिळाली पाहिजे, आणि येथेंच खरी उणीव आहे. भारतांत या इंजेक्शनाचा इतिहास वादाचा आहे. १९८६ सालीं हैदराबादच्या स्त्री शक्ति संघटनेनें नेट-एन इंजेक्शनाच्या प्रयोगांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. १९९३ सालीं डी. एम. पी. ए.च्या विक्रीस परवानगी मिळाली, तेव्हांही देशांतील अनेक स्त्रीसंघटनांनीं विरोध केला. त्या विरोधांत इतर मुद्दे होतेच, पण त्याच्या गाभ्याशीं एक साधा प्रश्न होता: सुई टोंचण्यापूर्वीं त्या स्त्रीला सर्व कांहीं सांगितलें जातें का? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, तें स्त्रीपुरुषांना आपल्या शरीराचें ज्ञान असावें याच हेतूनें. संततिनियमन म्हणजे मूल नको एवढेंच नव्हे. मूल केव्हां हवें हेंही आपल्या हातीं असणें, हा त्याचा पूर्ण अर्थ आहे. ‘हें सोडल्यावर सुमारें वर्षभर थांबावें लागेल’ हें एक वाक्य इंजेक्शनाच्या वेळीं त्या सुनेला कोणीं सांगितलें असतें, तर दिवाळीची ती रात्र तिला रडून काढावी लागली नसती.

तें वाक्य दवाखान्यांत सांगितलें जावें हें तर खरेंच. पण घरांतही तें माहीत असावें. नणंदेला माहीत असतें तर तिनें तो प्रश्न विचारला नसता. सासूबाईंना माहीत असतें तर त्या गप्प न राहतां सुनेला म्हणाल्या असत्या, “अग, अजून वेळ कोठें झाली आहे? माघ-फाल्गुनापर्यंत वाट पाहूं, आणि मग तुम्ही दोघें मिळून डॉक्टरांकडे जा.”